चांगल्या कामातून बनलेला पदार्थ विकायचा असेल तर ब्रँडची सुरुवात लोगोपासून नको

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की, शिल्लक राहून फेकला जाणारा शेतमाल घेऊन त्यातून तुम्ही टिकाऊ पदार्थ बनवता, किचनमध्ये काम करणाऱ्या बायका अशा आहेत की ज्यांना दुसरीकडे कोणी काम देत नाही, नफा परत त्यांच्याच ट्रेनिंगमध्ये जातो, आणि आता डिझायनरनं तीन लोगो दिलेत, एकात पान, एकात दोन हात, एकात हृदय, तर यातला कुठला घ्यावा. माझं उत्तर आहे की तिन्ही बाजूला ठेवा. यात डिझायनरची चूक मी मानत नाही. त्याला "सामाजिक उपक्रम आहे, शेतकरी आहेत, महिला आहेत" एवढंच सांगितलं असेल तर तो पान, हात आणि हृदयच काढणार. बरणीत काय आहे, ते कसं लागतं, कोण कधी खातं, हे त्याला कोणी सांगितलेलं दिसत नाही.

पंधरा-सोळा वर्षं मी पॅकेजिंग आणि ब्रँडिंगच करतोय आणि त्यातलं निम्म्याहून जास्त काम अशाच संस्थांसाठी केलंय, त्यावरून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. पहिली बरणी लोक कौतुकानं घेतात, दुसरी चवीसाठी घेतात. प्रदर्शनात तुमचा स्टॉल असतो, तुम्ही स्वतः उभ्या असता, गोष्ट सांगता, समोरच्याला मनापासून बरं वाटतं आणि तो दोन बरण्या घेऊन जातो. तिथला खप बघून संस्थांना वाटतं की आपली गोष्टच विकली जातेय, मग ती गोष्ट मोठ्या अक्षरात पाकिटावर येते आणि पदार्थाचं नाव खाली बारीक होऊन बसतं. पण महिन्याभरानं ती बरणी संपते तेव्हा तो माणूस दुकानात एकटाच उभा असतो, तुम्ही तिथे नसता, शेजारी दहा दुसऱ्या बरण्या असतात आणि त्याच्याकडे तीन-चार सेकंद असतात. तुमची सगळी ओळख, नाव, रंग, लेबल, सगळं त्या तीन-चार सेकंदांसाठी बनवायचं असतं. संस्थेचा पगार त्या दुसऱ्या खरेदीवर चालतो.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण म्हणजे न्यूयॉर्कजवळच्या यॉंकर्समधली ग्रेस्टन बेकरी. १९८२ साली सुरू झालेली, आणि त्यांची पद्धत अशी की कामाला येणाऱ्याचा बायोडेटा बघायचा नाही, जुने गुन्हे विचारायचे नाहीत, यादीत नाव लिहिलं आणि जागा झाली की काम. त्यांचं एक वाक्य प्रसिद्ध आहे, की आम्ही ब्राउनी बनवायला माणसं ठेवत नाही, माणसं ठेवता यावीत म्हणून ब्राउनी बनवतो. ऐकायला फार सुंदर वाक्य आहे, पण त्याला वजन कशामुळे आलं ते बघा, त्यांची ब्राउनी बेन अँड जेरीजच्या आइस्क्रीममध्ये जाते. म्हणजे दर बॅचला तोच आकार, तोच ओलावा, तीच चव द्यावी लागते, तिथे कोणी कौतुकानं माल घेत नाही. माल आधी उभा राहिला म्हणून वाक्य उभं राहिलं.

म्हणून डिझायनरला परत बोलावण्याआधी एक दिवस किचनमध्ये बसा, वही घेऊन. मिटिंग रूममध्ये नको, काम चालू असताना. बनवणाऱ्यांना मिशन-व्हिजन विचारू नका, पदार्थाबद्दल विचारा. एका संस्थेत मी असाच बसलो होतो, सकाळपासून संस्थेचे लोक मला सक्षमीकरण सांगत होते आणि माझ्या वहीत लिहिण्यासारखं काही येत नव्हतं, मग बरण्यांची झाकणं पुसता पुसता एक बाई सहज म्हणाल्या, "हे आज उघडून खाऊ नका हं, दोन दिवस मुरू द्या, तिसऱ्या दिवशी बघा." बस्स. झाकणावर "तिसऱ्या दिवशी उघडा" एवढंच लिहिलं, मोठ्या अक्षरात, आणि आख्खी ओळख त्या वाटेनं गेली, मुरण्याचा रंग, हळू बोलणारी भाषा, तारीख लिहायची जागासुद्धा. हे वाक्य कुठल्याही एजन्सीत बसून सुचलं नसतं, आणि यात त्या बाईंचं कसब दिसतं, त्यांची अडचण दिसत नाही. माझ्या मते अशा उद्योगाच्या ब्रँडिंगमध्ये शोधायचं ते हेच.

आता नाव. तुम्ही जी तीन नावं लिहिलीत ती सगळी आशा, पहाट, नवं जीवन या घराण्यातली आहेत. भावना खरी आहे, मला मान्य, पण त्या नावाची संस्था दवाखानाही असू शकते, शाळाही असू शकते आणि पतपेढीही. खायच्या वस्तूच्या नावानं तोंडात काहीतरी यायला पाहिजे. ब्रिटनमध्ये २०१६ साली टोस्ट एल नावाची बिअर आली, बेकऱ्यांमधला उरलेला ब्रेड वापरून बनवलेली. इंग्रजीत टोस्ट म्हणजे भाजलेला ब्रेडही आणि ग्लास उंचावून शुभेच्छा देणंही, त्यामुळे कच्चा माल आणि पिण्याचा क्षण दोन्ही एका शब्दात बसले आणि "वाया जाणारं अन्न वाचवा" हे नावात म्हणावंच लागलं नाही. इतकं चपखल नाव प्रत्येकाला सापडत नाही, पण निदान फोनवरची परीक्षा घ्या, ओळखीच्या नसलेल्या पाच-सहा जणांना फोनवर एकदाच नाव सांगा आणि टाइप करून पाठवायला सांगा, दोघातिघांनी वेगळं स्पेलिंग लिहिलं तर लोक शोधताना तुम्हाला सापडणार नाहीत. नाव एकाच पदार्थाला किंवा एकाच फळाला बांधू नका, शिल्लक मालावर चालणाऱ्या उद्योगात पुढच्या हंगामात काय शिल्लक पडेल हे तुमच्या हातात नसतं. आणि ट्रेडमार्कचा शोध लोगो काढायच्या आधी घ्या. ट्रेडमार्कसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या नाइस वर्गीकरणात खाद्यपदार्थ एकाच वर्गात येत नाहीत, टिकवलेली फळं-भाज्या, जॅम हे २९ मध्ये, सॉस, मसाले, बेकरीचा माल ३० मध्ये, सरबतं ३२ मध्ये आणि उपाहारगृह किंवा केटरिंग ४३ मध्ये, त्यामुळे आज बरण्या आणि दोन वर्षांनी कॅफे असा विचार असेल तर दोन्हीकडे नाव मोकळं आहे का ते बघून घ्या.

फोटोबद्दल जरा जास्त बोलतो, कारण इथे चूक झाली तर माणूस दुखावतो. सुरुवातीच्या काळात एका संस्थेसाठी मी बरणीच्या लेबलवर बनवणाऱ्या बाईंचा हसरा फोटो टाकला, खाली नाव आणि दोन ओळीत त्यांची गोष्ट, नवऱ्यानं सोडलं वगैरे. त्यांनी हो म्हटलं होतं, सहीसुद्धा होती. सगळ्यांना ते लेबल फार आवडलं. सात-आठ महिन्यांनी त्यांच्या मुलीच्या शाळेत कोणीतरी ती बरणी घेऊन आलं आणि मुलीला प्रश्न विचारले गेले. बाईंनी येऊन फक्त एवढंच विचारलं की हे काढता येईल का. गोदामात हजारो लेबलं छापून पडली होती, दुकानांत माल गेलेला होता. आम्ही लेबलं रद्द केली, दुकानांतून जेवढं परत आणता आलं तेवढं आणलं, पण जे घराघरात गेलं ते गेलंच. तेव्हापासून माझा नियम ठरलेला आहे, पाकिटावर कोणाचंही दुःख छापायचं नाही. सही असली तरी नाही. जिचा पगार तुमच्याकडून येतो तिचा होकार पूर्ण मोकळा नसतो, हे आपण समजून घ्यायला पाहिजे. चेहरा दाखवायचाच असेल तर वेबसाइटवर किंवा सोशल मीडियावर दाखवा, जिथून तो एका तासात उतरवता येतो, आणि तिथेही ती काम करताना, तिच्या कसबाबद्दल बोलताना दिसू दे. मजकूर छापण्याआधी तिला वाचून दाखवा आणि पुढे कधीही काढून टाकायचा हक्क लेखी द्या.

चेहरे न वापरता माणसं दाखवता येतात का, तर येतात. डिव्हाइन चॉकलेट १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालं आणि घानामधल्या कुआपा कोकू या कोको शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेला कंपनीत मालकी हक्काचा हिस्सा होता. त्यांच्या वेष्टणावर पश्चिम आफ्रिकेतली अदिंक्रा चिन्हं पसरलेली असतात, ज्या प्रत्येकाला स्वतःचा अर्थ आहे. ती बघून कुणाला कीव येत नाही, सुंदर काहीतरी हातात आहे असं वाटतं, आणि ती चिन्हं त्या शेतकऱ्यांच्या मुलखाची आहेत. तुमच्याकडेही असं काहीतरी असणार, हाताची एखादी लकब, झाकण बांधायची पद्धत, बॅच मोजायच्या रेघा, ते शोधा.

मग सामाजिक काम पाकिटावर कुठे लिहायचं? माझी साधी विभागणी अशी की पुढच्या बाजूला पदार्थ, बाजूच्या पट्टीवर कामाबद्दल एक ओळ, मागे चार-पाच ओळी आणि बाकीचं सगळं क्यूआर कोडमागे. याला अपवाद आहे, जिथे पदार्थाच्या रूपातच ती गोष्ट घालता येते तिथे खुशाल पुढे आणा. नेदरलँड्सच्या टोनीज चोकोलोनलीनं चॉकलेटच्या वडीचे तुकडे मुद्दाम असमान पाडलेत, कुठला मोठा, कुठला अगदी छोटा, कारण या धंद्यातला पैसा असाच असमान वाटला जातो. तोडून वाटायला गेलं की भांडण होतं आणि ते भांडणच त्यांचा मुद्दा सांगतं. तिथे परिच्छेद लिहायची गरज पडत नाही.

शिल्लक किंवा वेड्यावाकड्या मालाचं काय करायचं, लपवायचं की सांगायचं, हे तुम्ही वेगळं विचारलंय. सांगायचं, आणि मान वर करून सांगायचं. फ्रान्समधल्या इंटरमार्शे या सुपरमार्केट साखळीनं २०१४ मध्ये वाकडीतिकडी फळं-भाज्या वेगळ्या मांडून, एकेकीचा मोठा रुबाबदार फोटो लावून आणि ३० टक्के कमी भावात विकल्या, शिवाय त्यांचंच सूप आणि रस दुकानात चाखायला ठेवले, म्हणजे चवीबद्दलची शंका तिथल्या तिथे मिटली. पुढे २०२१ मध्ये ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांचा अभ्यास आला, त्यातही दिसलं की अशा मालाला सरळ "कुरूप" असं लेबल लावलं की खप वाढतो, कारण मग लोकांना कळतं की दोष फक्त दिसण्यात आहे, चवीत नाही. मात्र हे दिसण्याबद्दल झालं. "उरलेलं", "वाया गेलेलं" हे शब्द खायच्या वस्तूला चिकटले की मनात शिळं येतं, त्यामुळे "वाचवलेलं", "जास्तीचं पीक", "बाजाराच्या मापात न बसलेलं" असे खरे आणि स्वच्छ शब्द वापरा. मुद्दाम स्वस्त दाखवण्याचा तर विचारही करू नका, बनवायला तेवढेच कष्ट लागलेत.

लोगोकडे आत्ता येतो. तुमच्या पैशात चित्र आणि अक्षर दोन्ही उत्तम होणार नसतील तर चित्र सोडा, नुसतं नाव छान अक्षरात काढून घ्या. मग त्याची परीक्षा घ्या, झाकणावर १५ मिलिमीटर रुंदीत वाचता येतं का, एका रंगाच्या रबरी शिक्क्यात उमटतं का, मोबाइलवरच्या छोट्या गोलात कळतं का. आपल्या लिपीत जोडाक्षरांची पोटं, म्हणजे आतल्या मोकळ्या जागा, बारीक आकारात शाईनं भरून जातात, ते स्क्रीनवर दिसत नाही, छापल्यावर दिसतं. नाव दोन लिप्यांत हवं असेल तर दोन्ही एकाच वेळी, एकाच माणसाकडून काढून घ्या, रोमन अक्षरांना वरून शिरोरेघ ठोकून देवनागरीसारखं करू नका, दोन्ही लिप्या बिघडतात. आणि लोगोपेक्षाही जास्त काम करते ती एकाच जागी पुन्हा पुन्हा येणारी एखादी खूण, एखादा पट्टा, झाकणाचा रंग, एखादा आकार. २००९ च्या जानेवारीत ट्रॉपिकाना ज्यूसनं स्ट्रॉ खोचलेल्या संत्र्याचं जुनं चित्र काढून नवीन डबा आणला, दोन महिन्यांच्या आत खप साधारण २० टक्के पडला आणि जुना डबा परत आणावा लागला. रस तोच होता, लोकांना तो शेल्फवर सापडेना. एवढ्या मोठ्या कंपनीचं हे होतं, तर तुम्ही दर हंगामाला रूप बदललं तर दुसरी खरेदी करणारा तुम्हाला कसा शोधणार?

रंगाचं म्हणाल तर तपकिरी क्राफ्ट पेपर आणि हिरवी शाई हे जोडपं मी सहसा टाळतो. सगळेच तसं करतात हे एक कारण, पण दुसरं जास्त महत्त्वाचं आहे, खायच्या पदार्थांचे बहुतेक क्राफ्ट पाऊच आतून प्लास्टिकच्या थराचे असतात, थर एकमेकांना चिकटलेले असल्यामुळे ते कागदातही जात नाहीत आणि प्लास्टिकमध्येही नाहीत. बाहेरून पर्यावरण आणि आतून भलतंच, हे चांगल्या हेतूनं चालणाऱ्या संस्थेला शोभत नाही. शिवाय तपकिरी कागद शाई पितो, खाली पांढरा थर नसेल तर सगळे रंग मळकट येतात. पदार्थाचा स्वतःचा रंग चांगला असेल तर पारदर्शक बरणी आणि लहान लेबल, यापेक्षा चांगलं पॅकेजिंग नाही. रंगावरूनच चवी वेगळ्या ओळखायच्या असतील तर लक्षात ठेवा, साधारण बारा पुरुषांमागे एकाला लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही, म्हणून रंगासोबत आकार किंवा आकडाही द्या.

आता लेबल, आणि हे तुमच्या डिझायनरला जसंच्या तसं दाखवा. लेबलच्या कडेनं बारीक चौकट त्यानं आखली आहे, ती काढून टाका. तुमच्याकडे लेबल हातानं लावतात, दिवसाला शेकडो बरण्या, हात ओले असतात, कापतानाही मिलिमीटरभर इकडेतिकडे होतंच, आणि कडेला चौकट असली की तेवढा मिलिमीटर ओरडून दिसतो. मग सुपरवायझर त्या बायकांना तिरकं लावलं म्हणून बोलते. चौकट काढली की तेच लेबल तेवढंच तिरकं असूनही नीट दिसतं. दुसरं, बॅच नंबर आणि तारखेच्या चौकोनावर व्हार्निश किंवा लॅमिनेशन येऊ देऊ नका, गुळगुळीत पृष्ठावर शिक्क्याची शाई धरत नाही, बोट फिरलं की पुसली जाते, आणि पुसलेली तारीख म्हणजे परत आलेला माल. तिसरं, बरणी फ्रिजमध्ये जाणार असेल तर लेबल लावलेली बरणी चोवीस तास फ्रिजमध्ये ठेवून, बाहेर काढून, घाम आल्यावर ओल्या बोटानं चोळून बघा. हे सगळं साध्या प्रिंटवर जमत नाही, खऱ्या कागदावरचे दहा-वीस नमुने मागून घ्या.

बारीक मजकुराची सक्ती देशोदेशी वेगळी असते, तुमच्याकडची नियमावली आधी डिझायनरच्या हातात द्या म्हणजे मग शेवटी घुसवाघुसवी होत नाही. अंदाज यावा म्हणून सांगतो, युरोपीय संघात सक्तीच्या मजकुरात रोमन लहान x या अक्षराची उंची किमान १.२ मिलिमीटर लागते, अगदी छोट्या पाकिटाला ०.९ चालते. मी सक्ती नसली तरी ॲलर्जीचा मजकूर त्याहून मोठाच ठेवतो. बारकोड पूर्ण मापात साधारण ३७ बाय २६ मिलिमीटर असतो आणि ८० टक्क्यांपर्यंतच लहान करता येतो, आणि तो लाल किंवा केशरी रेघांत छापू नका, स्कॅनरचा उजेड लाल असतो, त्याला त्या रेघा दिसतच नाहीत.

दाव्यांबद्दल कडक राहा. "शंभर टक्के नैसर्गिक", "पर्यावरणपूरक", "हजारो आयुष्यं बदलणारं", यातलं तुम्ही कागदोपत्री काय दाखवू शकता? युरोपीय संघानं २०२४ मध्ये असे पुराव्याशिवायचे ढोबळ पर्यावरणीय दावे बंद करणारा निर्देश काढला, तो सप्टेंबर २०२६ पासून लागू होतो, आणि हे वारं सगळीकडेच येणार. कायदा सोडा, पण तुमच्यावर विश्वास ठेवून घेणाऱ्याला एकदा जरी वाटलं की हे फुगवून सांगतात, तर तो चवीवरही विश्वास ठेवत नाही. म्हणून आकडा पाकिटावर छापू नका, तो सहा महिन्यांत जुना होतो, क्यूआरच्या पानावर तारखेसकट द्या, किती किलो माल घेतला, किती जणींना पगार दिला, किती जणी सोडून गेल्या तेसुद्धा. पाकिटावर लहान पण पक्की गोष्ट लिहा, "या किचनमधल्या प्रत्येकीला महिन्याचा ठरलेला पगार मिळतो" हे वाक्य "जीवन उजळवणारं" पेक्षा मला कितीतरी जास्त पटतं. आणि फेअरट्रेडसारखी, म्हणजे उत्पादकाला रास्त मोबदला मिळाल्याचं प्रमाणित करणारी चिन्हं परवान्याशिवाय कधीच लावायची नाहीत, तसं दिसणारं स्वतःचं चिन्हही बनवायचं नाही.

पैसे कुठे घालायचे असं विचाराल तर मी सगळ्यात जास्त लेबलच्या नमुन्यांवर आणि पदार्थाच्या दोन-तीन चांगल्या फोटोंवर घालीन, मग अक्षरांवर, आणि जाडजूड ब्रँड गाइडलाइनवर जवळजवळ काहीच नाही. तुमच्या टीमला साठ पानी पीडीएफ उघडायला वेळ नाही. एक पान करा, त्यावर योग्य लेबलचा खऱ्या आकाराचा फोटो, दोन रंग, एक फॉन्ट, मेसेजला उत्तर देतानाची भाषा कशी असावी त्याची दोन उदाहरणं, आणि ते पॅकिंगच्या टेबलासमोर भिंतीवर लावा. फॉन्ट मोकळ्या परवान्याचा घ्या म्हणजे उद्या ऑफिसमधल्या कुणालाही किमतीची पाटी त्याच अक्षरात काढता येईल. डिझायनरकडून मूळ व्हेक्टर फाइल्स, म्हणजे कितीही मोठं केलं तरी लोगो धूसर न होणाऱ्या फाइल्स, आणि मालकी हक्काचं पत्र शेवटचा हप्ता द्यायच्या आधी घ्या, मी अशा दोन संस्था बघितल्यात ज्यांच्याकडे स्वतःच्या लोगोचा फक्त व्हॉट्सॲपवरचा फोटो होता.

तर आत्ता डिझायनरला एवढंच कळवा की लोगो थांबव आणि मंगळवारी किचनला ये, दिवसभर. सोबत तुमच्या पदार्थाच्या बरोबरीला शेल्फवर असतात त्या सात-आठ बरण्या आणून ठेवा, म्हणजे तुमच्या बरणीला कोणामध्ये उभं राहायचंय ते त्याला डोळ्यांनी दिसेल. आणि पहिली छपाई लहानच काढा, नगामागे महाग पडली तरी, कारण पहिल्या महिन्यात लेबलवरची निदान एक ओळ बदलावीच लागते.